जुना घरचा कॉम्प्युटर आणि ग्राफिक्स ड्रायव्हर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात दहा-पंधरा वर्षं जुने कॉम्प्युटर अजून घरोघरी चालू आहेत. कुणी त्यावर टॅली करतं, कुणी स्पर्धा परीक्षेचे फॉर्म भरतं, कुणाच्या घरी मुलं त्यावरच शिकतात. त्यातली बरीच यंत्रं निव्वळ चुकीच्या ग्राफिक्स ड्रायव्हरमुळे भंगारात जातात, आणि ते थांबवता येतं. लोक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एकाच गोष्टीची दोनदा चर्चा नको म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ग्राफिक्स ड्रायव्हर म्हणजे काय, आणि गडबड त्याचीच आहे हे कसं ओळखायचं?

स्क्रीनवर काय काढायचं हे विंडोज ठरवतं, प्रत्यक्ष काढते ती ग्राफिक्स चिप. विंडोजचं सांगणं त्या चिपला कळेल अशा आज्ञांमध्ये बदलून देणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. चिप बदलली की ड्रायव्हर बदलतो, त्यामुळे शेजाऱ्याकडे चाललेला ड्रायव्हर तुमच्याकडे चालेलच असं नाही.

योग्य ड्रायव्हर नसला तर विंडोज 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर' या नावाचा कामचलाऊ ड्रायव्हर वापरतं. मग चित्र पसरट दिसतं, रिझोल्यूशन बदलायचा पर्याय चालत नाही, ब्राइटनेसची पट्टी गायब होते आणि पान वर-खाली करताना ते तुकड्यातुकड्यांनी सरकतं. मराठी मजकुरात हे लगेच लक्षात येतं: रफार, अनुस्वार आणि वेलांटी एकमेकांत मिसळून फिकट दिसायला लागतात. डोळ्यांचा नंबर वाढला असं समजून चष्मा बदलण्याआधी डिव्हाइस मॅनेजर उघडून पाहा (कसं ते प्रश्न २ मध्ये).

२. माझ्या कॉम्प्युटरमध्ये कोणती ग्राफिक्स चिप आहे तेच मला माहीत नाही. कसं शोधू?

सगळ्यात आधी हेच शोधायचं. बाकी सगळं यावर अवलंबून आहे.

स्टार्ट बटणावर उजवी क्लिक करा, डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि 'डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर्स' समोरचा बाण दाबा. नाव दिसलं तर काम झालं. नुसतं 'बेसिक डिस्प्ले' दिसलं तर त्यावर डबल क्लिक करून 'डिटेल्स' या टॅबमध्ये जा आणि यादीतून 'हार्डवेअर आयडीज' निवडा. तिथे एक लांबलचक ओळ येते. त्यात 'व्हीईएन' या अक्षरांनंतर ८०८६ असेल तर चिप इंटेलची, १०डीई असेल तर एनव्हिडियाची, १००२ असेल तर एएमडीची. त्यापुढे 'डीईव्ही' नंतरची चार अक्षरं म्हणजे नेमकं मॉडेल. ती ओळ जशीच्या तशी कॉपी करून सर्च केली की चिपचं नाव मिळतं.

कार्डावर चिकटवलेल्या स्टिकरवर किंवा दुकानदाराच्या बिलावर विसंबू नका. ते का, हे प्रश्न १३ मध्ये आहे.

३. भाऊ, मी सगळ्यात नवीन ड्रायव्हर टाकून राहिलो, तरी 'कंपॅटिबल हार्डवेअर सापडलं नाही' असंच येऊन राहिलं. नवीनच चांगला ना?

नाही. जुन्या चिपसाठी योग्य ड्रायव्हर म्हणजे कंपनीने त्या चिपसाठी काढलेला शेवटचा ड्रायव्हर. कंपन्या काही वर्षांनी जुन्या पिढ्या यादीतून काढून टाकतात. त्यानंतरच्या ड्रायव्हरमध्ये तुमच्या चिपचं नावच नसतं, म्हणून इन्स्टॉलर नकार देतो. इन्स्टॉलर बरोबर आहे, निवड चुकली आहे.

एनव्हिडियाबद्दल सर्वात जास्त विचारणा होते. जीफोर्स २१० आणि त्या पिढीच्या कार्डांसाठी शेवटचा ड्रायव्हर ३४२.०१, डिसेंबर २०१६ चा. जीटी ६१० आणि एकूणच ४०० व ५०० मालिकेतली फर्मी पिढी ३९१.३५ वर थांबते, तो मार्च २०१८ चा. जीटी ७१० सारखी केप्लर पिढी ४७० च्या मालिकेवर थांबते. ऑक्टोबर २०२१ नंतर तिला फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळाल्या, त्याही सप्टेंबर २०२४ पर्यंतच. नावातला आकडा मात्र फसवतो. जीटी ६१० चा आकडा ६०० चा, पण आतली चिप फर्मी. जीटी ७३० ची गोष्ट आणखी अवघड: त्या एकाच नावाने फर्मी आणि केप्लर अशा दोन्ही चिपा विकल्या गेल्या. जीपीयू-झेड या मोफत प्रोग्राममध्ये पाहा. ९६ कोअर आणि १२८ बिट मेमरी दिसली तर फर्मी, ३८४ कोअर आणि ६४ बिट दिसली तर केप्लर. डब्यावर दोन्हींचं नाव एकच असतं, ड्रायव्हर मात्र वेगळे.

एएमडीच्या एचडी ५००० आणि ६००० मालिकेसाठी शेवटचा पक्का ड्रायव्हर जुलै २०१५ चा कॅटॅलिस्ट १५.७.१. त्यानंतर २०१६ मध्ये क्रिमझन १६.२.१ ही बीटा आवृत्ती आली, आणि पुढे काहीच नाही. आर५ २३० हे कार्ड नावाने नवीन वाटतं, पण आतली चिप एचडी ६४५० चीच, तेव्हा त्यालाही हेच दोन. एचडी ४००० किंवा त्याहून जुन्या कार्डांसाठी कंपनीने विंडोज १० चा ड्रायव्हर काढलाच नाही.

इंटेलमध्ये प्रोसेसरची पिढी पाहायची. २०११ ची दुसरी पिढी, म्हणजे आय३-२१०० सारखे प्रोसेसर, यांच्या एचडी २००० आणि ३००० साठी इंटेलने विंडोज १० चा ड्रायव्हर दिला नाही. विंडोज अपडेट तिथे विंडोज ८ साठी लिहिलेला ड्रायव्हर टाकतं, आणि रोजच्या कामाला तो पुरतो. २०१२ च्या तिसऱ्या पिढीच्या एचडी २५०० आणि ४००० साठी विंडोज १० चा ड्रायव्हर आहे.

४. जुन्या ड्युअल कोअरमध्ये विंडोज १० टाकून घेतलं, आता सगळं पसरट दिसून राहिलं. परत विंडोज ७ टाकू का?

अशा बहुतेक यंत्रांत जी४१ चिपसेटचा मदरबोर्ड असतो आणि ग्राफिक्स त्यातच असतं. त्यासाठी इंटेलचा स्वतःचा शेवटचा ड्रायव्हर विंडोज ७ च्या काळातला. विंडोज १० मध्ये हातानं काही टाकू नका. इंटरनेट जोडा, विंडोज अपडेट पूर्ण चालू द्या, पर्यायी अपडेटमध्ये ड्रायव्हर दिसतो का ते पाहा आणि रिस्टार्ट करा. बहुतेक वेळा रिझोल्यूशन तेवढ्यानेच सुधारतं.

विंडोज ७ वर परत जायचा सल्ला मी देत नाही. त्याचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, आणि क्रोम ब्राउझर त्यावर १०९ व्या आवृत्तीनंतर पुढे जात नाही. बँकेचं काम करणाऱ्या यंत्रावर तर नकोच. इंटरनेट न जोडता फक्त टॅली किंवा जुना प्रिंटर चालवायचा असेल तर गोष्ट वेगळी.

५. ड्रायव्हर आपोआप शोधून देणारे प्रोग्राम मिळतात. ते वापरावेत का?

वापरू नका. हे प्रोग्राम आधी पंचवीस ड्रायव्हर जुने झाल्याची भीती घालतात, मग पैसे मागतात, आणि जुन्या चिपवर नेमका नको तो ड्रायव्हर टाकतात. जाहिरातींचं लचांड येतं ते वेगळंच. ब्रँडेड यंत्र असेल तर ते बनवणाऱ्या कंपनीची साइट, असेम्बल केलेलं असेल तर इंटेल, एनव्हिडिया किंवा एएमडीची साइट, नाहीतर विंडोज अपडेट. यापलीकडे कुठे जाऊ नका.

आणि एक काम आजच करा. सध्या नीट चालत असलेल्या ड्रायव्हरची इन्स्टॉलर फाइल पेनड्राइव्हवर ठेवा, तिच्या नावात मॉडेल आणि विंडोजची आवृत्ती लिहा. जुने ड्रायव्हर कंपन्या साइटवरून काढूनही टाकतात.

६. जुना ड्रायव्हर पूर्ण काढायचा कसा? अनइन्स्टॉल केलं तरी तीच अडचण येते.

साधं अनइन्स्टॉल केल्यावर जुन्या फाइली मागे राहतात, विशेषतः एका कंपनीचं कार्ड काढून दुसऱ्या कंपनीचं लावलं असेल तेव्हा. यासाठी डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, ज्याला लोक डीडीयू म्हणतात, हा मोफत प्रोग्राम उत्तम आहे. क्रम महत्त्वाचा आहे. नवा ड्रायव्हर आणि डीडीयू आधीच डाउनलोड करून ठेवा. मग इंटरनेटची वायर काढा किंवा वाय-फाय बंद करा, नाहीतर मधल्या वेळात विंडोज स्वतःच काहीतरी टाकून मोकळं होतं. सेफ मोडमध्ये, म्हणजे मोजक्याच ड्रायव्हरवर चालणाऱ्या विंडोजमध्ये, जा (मार्ग प्रश्न ७ मध्ये), डीडीयू चालवा, 'क्लीन अँड रिस्टार्ट' निवडा. यंत्र नेहमीसारखं सुरू झालं की नवा ड्रायव्हर टाका, आणि इंटरनेट सगळ्यात शेवटी जोडा.

७. ड्रायव्हर टाकल्यावर स्क्रीनच काळी झाली. आता काहीच दिसत नाही तर काय दाबू?

आधी विंडोज की, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकत्र दाबा. विंडोज १० मध्ये यामुळे ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, आणि नुसता अडकला असेल तर चित्र परत येतं.

नाही आलं तर विंडोजचं चिन्ह दिसताच पॉवर बटण दाबून धरून यंत्र बंद करा. असं सलग दोन-तीनदा केलं की विंडोज दुरुस्तीचा निळा पडदा दाखवतं. तिथे ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज असं जात रिस्टार्ट करा. मग येणाऱ्या यादीत ३ दाबलं तर कमी रिझोल्यूशनमध्ये, ४ दाबलं तर सेफ मोडमध्ये यंत्र सुरू होतं. आता डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या प्रॉपर्टीजमधून 'रोल बॅक ड्रायव्हर' करा, म्हणजे आधीचा ड्रायव्हर परत येतो. ते बटण पुसट असेल तर प्रश्न ६ प्रमाणे साफ करा. विंडोज ७ मध्ये सुरुवातीलाच एफ८ दाबत राहायचं.

हे सगळं करण्याआधी मॉनिटरची केबल मात्र एकदा पाहून घ्या (प्रश्न ११).

८. मी बरोबर ड्रायव्हर टाकतो आणि दोन दिवसांनी विंडोज परत दुसराच टाकून देतं. याला थांबवायचं कसं?

मायक्रोसॉफ्टचं 'शो ऑर हाइड अपडेट्स' हे छोटं साधन आहे. आधी बरोबर ड्रायव्हरवर रोल बॅक करा, मग त्या साधनात नको असलेला डिस्प्ले ड्रायव्हर निवडून लपवा. विंडोज प्रो असेल तर ग्रुप पॉलिसीमध्ये विंडोज अपडेटसोबत ड्रायव्हर न घेण्याचा पर्याय आहे. होम आवृत्तीत ग्रुप पॉलिसी नसते. तिथे कंट्रोल पॅनेलमधल्या 'डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज'मध्ये 'नो' निवडता येतं, पण मोठ्या अपडेटनंतर ते पुन्हा तपासा.

९. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह आणि 'कोड' दिसतो. त्याचा अर्थ काय?

कोड २८ म्हणजे ड्रायव्हर टाकलेलाच नाही. ही सोपी गोष्ट, प्रश्न ३ पाहून टाका. कोड २२ म्हणजे कुणीतरी ते डिव्हाइस बंद करून ठेवलंय. उजवी क्लिक करून 'एनेबल' करा.

कोड ५२ म्हणजे ड्रायव्हरची डिजिटल सही विंडोजला पटली नाही. विंडोज ७ वर हा हमखास येतो, कारण नंतरचे ड्रायव्हर शा-२ पद्धतीने सही केलेले असतात आणि मूळ विंडोज ७ ला ती वाचता येत नाही. केबी४४७४४१९ हा अपडेट टाकला की वाचता येते. सही तपासणी कायमची बंद करून टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, त्याने व्हायरसलाही दार उघडं होतं.

कोड ४३ सगळ्यात त्रासाचा. कार्डाने स्वतःच बिघाड कळवला म्हणून विंडोजने ते थांबवलं, एवढंच तो सांगतो. आधी प्रश्न ६ प्रमाणे साफ करून योग्य ड्रायव्हर टाका. तरी राहिला तर कार्ड काढून त्याच्या सोनेरी पट्ट्या कोऱ्या खोडरबरने हलक्या हाताने पुसा आणि घट्ट बसवा. तरीही तोच कोड आला तर कार्ड दुसऱ्याच्या यंत्रात लावून पाहा. तिथेही आला तर कार्ड गेलं, किंवा ते नकली आहे (प्रश्न १३).

१०. लॅपटॉपवर इंटेलचा ड्रायव्हर टाकताना 'या कॉम्प्युटरसाठी प्रमाणित नाही' असा संदेश येतो. मग काय करायचं?

तुमच्या लॅपटॉप कंपनीने स्वतः बदल केलेला ड्रायव्हर वापरावा असं इंटेलचं म्हणणं आहे, म्हणून कंपनीच्या साइटवर आधी पाहा. तिथे काहीच नसेल तर इंटेलची झिप फाइल उतरवून उघडा आणि डिव्हाइस मॅनेजरमधून 'अपडेट ड्रायव्हर', 'ब्राउझ', 'लेट मी पिक', 'हॅव डिस्क' अशा मार्गाने आतली आयएनएफ फाइल दाखवा.

ज्या लॅपटॉपमध्ये इंटेल आणि एएमडी अशी दोन ग्राफिक्स आहेत, तिथे जास्त जपून. त्यातल्या अनेकांत पडद्याची वायर इंटेलच्या चिपला जोडलेली असते आणि एएमडीची चिप तिच्यामार्फत चित्र दाखवते. म्हणून आधी इंटेलचा ड्रायव्हर, मग एएमडीचा, आणि दोन्ही लॅपटॉप कंपनीच्याच साइटवरचे घ्या.

११. नवीन कार्ड लावलं, तरी काही फरक नाही किंवा 'नो सिग्नल' येतं.

मॉनिटरची केबल मदरबोर्डला लावली आहे की कार्डाला? कॅबिनेटच्या मागे वरची उभी जागा मदरबोर्डची, खालच्या आडव्या फटी कार्डाच्या. केबल खाली लावा. जुन्या मॉनिटरला फक्त व्हीजीए असेल आणि कार्डाला फक्त एचडीएमआय, तर नुसती केबल चालत नाही, मधला कन्व्हर्टर लागतो. बायॉसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या पडद्यावर, पहिलं ग्राफिक्स कोणतं ते निवडायची सोय असते, तिथे पीसीआय एक्सप्रेस निवडा.

१२. एप्रिल-मे आला की दुपारी स्क्रीनवर रेघा आणि ठिपके येतात, कधी 'डिस्प्ले ड्रायव्हर थांबला आणि पुन्हा सुरू झाला' असं येतं. रात्री मात्र ठणठणीत. ड्रायव्हर बदलू का?

इथे थांबा, ड्रायव्हरला हात लावू नका. हा प्रश्न उन्हाळ्यात सगळ्यात जास्त येतो, आणि बहुतेक वेळा दोष ड्रायव्हरचा नसतो.

त्या संदेशाचा अर्थ असा की चिपने ठरलेल्या वेळात, म्हणजे साधारण दोन सेकंदांत, उत्तर दिलं नाही, म्हणून विंडोजने ड्रायव्हर झटकून पुन्हा सुरू केला. चिप गप्प का बसली हे त्यात सांगितलेलं नसतं. आपल्याकडे नवतप्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. खोलीतली हवाच इतकी तापलेली असेल, तर धुळीने बुजलेला पंखा तीच गरम हवा चिपवर फिरवत राहतो. दुपारी त्रास आणि रात्री आराम, हीच त्याची खूण.

एक साधी परीक्षा आहे. यंत्र बंद करून सुरू करा आणि बायॉसच्या पडद्यावर थांबा. तिथे विंडोज सुरू झालेलं नसतं, विंडोजचा ड्रायव्हरही नसतो. त्या पडद्यावरही रेघा दिसल्या तर दोष कार्डाचा, मेमरीचा किंवा केबलचा आहे, आणि कोणताही ड्रायव्हर तो दुरुस्त करणार नाही. बायॉस स्वच्छ दिसला, तर जीपीयू-झेडमध्ये सेन्सर्सचा टॅब उघडा आणि दुपारी व्हिडिओ चालू असताना तापमान पाहा. ते चढत जाऊन नव्वदीच्या पुढे गेलं आणि तेव्हाच रेघा आल्या, तर कॅबिनेट उघडायची वेळ झाली.

धूळ काढताना प्लग काढा, पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा आणि ब्लोअर मारा. पातं मोकळं फिरू दिलं तर पंखा खराब होऊ शकतो. हीटसिंकच्या, म्हणजे चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्यांमध्ये धुळीचा थर नमद्यासारखा जमलेला असतो, तो ब्रशने सोडवा. चिपवरची पेस्ट वाळून खडूसारखी झाली असेल तर नवी लावा.

कूलरबद्दल आवर्जून सांगतो. कॉम्प्युटरला थंडावा मिळावा म्हणून कित्येक जण कूलरचा झोत सरळ कॅबिनेटवर सोडतात. खसमधून येणारी ती हवा दमट असते, कधी पाण्याचे बारीक थेंबही घेऊन येते. ओल आणि धूळ मिळून मदरबोर्डवर चिकट थर बसतो आणि पट्ट्यांना गंज धरतो. कूलर खोलीसाठी ठेवा, झोत यंत्रावर नको. कॅबिनेट भिंतीपासून आणि पडद्यापासून वीतभर पुढे ओढा, त्यानेही बराच फरक पडतो.

१३. बर्डीवरून (सीताबर्डीच्या बाजारातून) सेकंड-हॅण्ड ग्राफिक्स कार्ड घेऊन राहिलो. काय पाहू?

पैसे देण्याआधी दुकानातच ते चालू यंत्रात लावून जीपीयू-झेड उघडायला सांगा. नावाच्या आधी 'फेक' असं दिसलं तर कार्ड तिथेच ठेवा. बाजारात जीटीएक्स १०५० टीआय म्हणून विकली जाणारी काही कार्डं प्रत्यक्षात जीटीएस ४५० सारख्या फर्मी पिढीची असतात; फक्त कार्डाच्या स्वतःच्या बायॉसमध्ये नाव बदललेलं असतं. विंडोजही तेच खोटं नाव दाखवतं. मग तुम्ही नवा ड्रायव्हर टाकता आणि काळी स्क्रीन किंवा कोड ४३ मिळतो. चांगला दुकानदार ही तपासणी आनंदाने करून देतो.

तसंच, फर्मी आणि केप्लरचे ड्रायव्हर आता थांबले आहेत हे लक्षात ठेवून भाव करा. खऱ्या १०५० टीआयलाही ५८० मालिकेनंतर नवीन मालिका नाही, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या अजून मिळतात. एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा, किती वॅटची आहे हेही घरून पाहून जा.

१४. ड्रायव्हर बरोबर आहे, तरी गेम उघडत नाही आणि यूट्यूब अडखळतं.

ड्रायव्हर चिपमध्ये नसलेली क्षमता आणू शकत नाही. गेम चिपकडून चित्र काढून घेतात त्या ओपनजीएल पद्धतीची इंटेल एचडी ३००० ची क्षमता ३.१ पर्यंत, आणि माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीला १.१७ पासून ३.२ लागतं. मुलांसाठी १.१६ टाका, ती चालते. त्याच चिपमध्ये डायरेक्टएक्स ११ ची पूर्ण सोय नाही, त्यामुळे ती मागणारे गेम उघडणार नाहीत.

यूट्यूबचं कारण वेगळं. ते व्हीपी९ किंवा एव्ही१ पद्धतीने व्हिडिओ पाठवतं आणि जुन्या चिपला फक्त एच.२६४ उलगडता येतं. मग सगळा भार प्रोसेसरवर. ब्राउझरमध्ये एच.२६४ च मागणारं एक्स्टेन्शन टाका आणि व्हिडिओ ७२० वर ठेवा. ऑनलाइन क्लास पाहणाऱ्या मुलांना याचा फार उपयोग होतो.

१५. ३२-बिट आणि ६४-बिटने ग्राफिक्सला काय फरक पडतो?

ड्रायव्हर विंडोजच्या बिटशी जुळलाच पाहिजे. एनव्हिडियाने ३९० मालिकेनंतर ३२-बिट विंडोजसाठी ड्रायव्हर काढणं बंद केलं. म्हणून जीटी ७१० वर नवा ड्रायव्हर नाकारला जात असेल तर आधी विंडोज कोणतं ते पाहा.

एक उलटा अपवादही आहे. अ‍ॅटम डी२५०० असलेल्या छोट्या बोर्डांच्या जीएमए ३६०० मालिकेसाठी इंटेलने फक्त ३२-बिट विंडोज ७ चा ड्रायव्हर दिला. ६४-बिट टाकलं की कामचलाऊ चित्रावरच राहावं लागतं.

१६. विंडोज १० चा सपोर्ट संपला म्हणतात. मग विंडोज ११ टाकू की लिनक्स?

सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत घेता येतात, ते जरूर घ्या. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि डायरेक्टएक्स १२ चं ग्राफिक्स लागतं. जबरदस्तीने टाकलं तरी प्रश्न ३ मधल्या बहुतेक चिपांना त्यासाठी ड्रायव्हर नाही, आणि त्याच्या २४एच२ आवृत्तीपासून कोअर २ ड्युओवर ते सुरूच होत नाही.

लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती अशा यंत्रांवर छान चालते. इंटेल आणि जुन्या एएमडी चिपांचे ड्रायव्हर त्यात आधीच असतात. एनव्हिडियाच्या फर्मी आणि त्याहून जुन्या कार्डांसाठी कंपनीचा ड्रायव्हर टाकायच्या भानगडीत पडू नका. नव्या कर्नेलवर, म्हणजे लिनक्सच्या नव्या गाभ्यावर, तो बसत नाही. लिनक्ससोबत येणारा नूवो ड्रायव्हर ठेवा. पेनड्राइव्हवरून सुरू करताना स्क्रीन काळी राहिली तर सुरुवातीच्या मेनूत 'कंपॅटिबिलिटी मोड' निवडा. आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून रिझोल्यूशन, व्हिडिओ, आवाज आणि प्रिंटर पाहा. विंडोजवर चालणारं टॅली तिथे तसंच चालणार नाही, तेव्हा ज्या घरात त्याच यंत्रावर टॅली आहे तिथे विंडोज ठेवून लिनक्स शेजारी टाका, आणि त्याआधी टॅलीच्या डेटाची कॉपी बाहेर काढून घ्या.